कोड लिहिता येतो, पण सांभाळता येतो का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी संगणक शाखेची मोठी तुकडी बाहेर पडते. त्यातले बरेच जण पुण्याची वाट धरतात. काही इथेच राहून पतसंस्था, दूध संस्था, हळद-बेदाण्याचे अडते, साखर कारखाने आणि दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहितात. दोन्हीकडे कमी पडते ते एकच. जावा येते, पायथन येते, मोबाइल ॲप बनवता येते. पण लिहिलेला कोड पाच-सात वर्षे चालता ठेवायचा कसा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा कसा, बिघडला तर परत उभा करायचा कसा, हे कुणी बसून शिकवलेले नसते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मात्र नेमके तेच लागते.

सुरुवात अंतिम वर्षाच्या प्रकल्पापासून करावी लागेल. अजूनही कित्येक ठिकाणी तो पेनड्राइव्हवर किंवा झिप फाइल करून दिला जातो. आत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी सांगितलेले बदल’ अशी फोल्डरे असतात. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, तयार केले ते २००५ साली. ते फुकट आहे, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालते, इंटरनेटशिवायही चालते. तरी अनेक विद्यार्थी त्याचा वापर सादरीकरणाच्या आदल्या रात्री सगळा कोड एकदम चढवण्यापुरता करतात. तो गिटचा वापर नव्हे.

गिटकडे रोजकीर्दीसारखे पाहावे. कीर्दीत चुकलेली नोंद खोडून काढत नाहीत, उलट नोंद टाकतात. गिटमध्येही चुकलेला बदल ‘रिव्हर्ट’ने उलटवायचा आणि दोन्ही नोंदी राहू द्यायच्या. एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, एकच बदल असावा. व्याजाचे सूत्र दुरुस्त केले आणि त्याच हाताने पावतीचा फाँटही बदलला, तर दोन कमिट करावेत. नंतर सूत्र मागे घ्यायची वेळ आली तर फाँट जागेवर राहतो. कमिटसोबतच्या संदेशात ‘चेंजेस’ किंवा ‘फिक्स’ लिहून काही उपयोग नाही. ‘मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीवर, मोडलेल्या दिवसाचे व्याज धरू नये, शाखेच्या तक्रारीवरून’ असा संदेश तीन वर्षांनी दुसरा माणूस वाचेल तेव्हा हा बदल का केला ते त्याला कळेल. काय बदलले ते कोडमधला फरक दाखवतोच. का बदलले ते फक्त संदेशात असते. संदेश मराठीत लिहायलाही काही हरकत नाही, गिटला तो नीट साठवता येतो.

अशा बारीक नोंदी असल्या की ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा कामी येते. मागच्या महिन्यात बरोबर असलेली बेरीज आज चुकते आणि मध्ये हजार बदल झालेत, तर मधोमध तपासत गेल्यावर साधारण दहा तपासण्यांत नेमका दोषी बदल सापडतो. सगळे एकाच ढिगात असेल तर हा मार्ग बंद होतो. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच करावी: डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची चावी, एसएमएसची चावी कोडमध्ये लिहू नये. ती वेगळ्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल गिटमधून वगळावी. एकदा चढलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतोच. अशा वेळी तो रद्द करून नवा घेणे हाच खरा उपाय.

आता आपल्या भागाच्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास चुकणाऱ्या गोष्टी. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे इंग्रजी नावांची असतात, त्यामुळे मराठी नावांचे काय होते हे विद्यार्थ्याला गिऱ्हाईक ओरडेपर्यंत कळत नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याचे दहा घटक होतात आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूपात तीस बाइट. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते; तिथे वीसचा रकाना ठेवला तर पहिल्या नावातच अडते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लांबी घटकांत मोजतात, पण टेबल जुन्या, युरोपीय अक्षरांच्या ‘लॅटिन-१’ संचात असेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. आवृत्ती ८.० पासून ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच मुळातच लागू असतो; त्याआधीच्या आवृत्तीवरून आणलेली टेबले मात्र हाताने तपासावी लागतात. एसक्यूएल सर्व्हर या तिसऱ्या डेटाबेसमध्ये मराठी मजकुराच्या आधी ‘एन’ हे इंग्रजी अक्षर लावायचे राहिले की तीच प्रश्नचिन्हे येतात. आणि प्रश्नचिन्ह एकदा साठले की मूळ नाव परत मिळत नाही, कागदी फॉर्म काढून पुन्हा भरावे लागते.

याहून छुपी अडचण शोधण्याची. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, ऱ आणि हलंत, दुसरी, साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधली की निम्मी यादी येते ती यामुळे. ‘ॲ’ हेही एक अखंड अक्षर म्हणून किंवा अ आणि वर चंद्र असे दोन तुकड्यांत साठते. युनिकोडचे प्रमाण रूप, ज्याला एनएफसी म्हणतात, या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून साठवण्याआधी मजकूर एनएफसीत आणावा, आणि या दोन जोड्यांसाठी स्वतःचे चार ओळींचे फंक्शन लिहून एकच रूप ठरवावे. शोधशब्दही त्याच फंक्शनमधून न्यावा, नाहीतर केलेले काम फुकट जाते. गावाचे नाव तर टाइपच करायला लावू नये. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला संकेतांक आहे. यादीतून गाव निवडायचे आणि संकेतांक साठवायचा. मग कराड की कऱ्हाड हा वादच उरत नाही.

पावतीची पीडीएफ काढताना वेलांटी भलत्या अक्षराला लागते किंवा जोडाक्षर फुटते, हेही नेहमीचे. फाँट चुकीचा आहे असे समजून लोक दहा फाँट बदलून पाहतात. बहुतेक वेळा दोष फाँटचा नसतो. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला अक्षरांची जुळणी येत नसते. पावती एचटीएमएलमध्ये मांडून ब्राउझरच्या इंजिनाकडून, म्हणजे पडद्याशिवाय चालणाऱ्या क्रोमकडून, पीडीएफ करून घेतली की प्रश्न सुटतो.

पैशाच्या बाबतीत नियम सोपा आहे, तरी मोडला जातो. रक्कम ‘फ्लोट’मध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, कधीही साठवू नये. संगणकात ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला पंधरा शून्यांनंतर एक ४ उगवतो. १.००५ हा आकडा आत १.००४९९९... असा बसतो, त्यामुळे दोन स्थळांवर आणला की १.०१ ऐवजी १.०० मिळतो. डेसिमल प्रकार वापरावा किंवा सरळ पैशांत पूर्णांक ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्णांकन कुठे करायचे ते संस्थेच्या सचिवांकडून लेखी घ्यावे. दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी. प्रत्येक नोंद पूर्णांकित करून बेरीज केली आणि बेरीज करून एकदाच पूर्णांकन केले, तर दहा पैशांपर्यंत फरक पडू शकतो. दहा पैसे क्षुल्लक वाटतील, पण उत्पादकाच्या हातात रोजच्या पावत्या असतात. त्याची बेरीज आणि संस्थेचे बिल जुळले नाही की तो फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या इतर घन घटकांच्या) आकड्यांवरही संशय घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

दूध संस्थेतच तारखेची गडबडही दिसते. सर्व्हर भाड्याने घेतला की त्याचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आत आलेल्या दुधावर सर्व्हरच्या हिशेबाने आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी चालून जाते; पण १, ११ आणि २१ तारखेला तेच दूध मागच्या बिलात शिरते. वेळ यूटीसीमध्ये साठवावी, पण ‘संकलनाची तारीख’ हा वेगळा रकाना भारतीय वेळेनुसार ठरवून लिहावा. ३१ मार्चच्या रात्री बारानंतर हीच चूक पतसंस्थेत झाली तर व्यवहार गेल्या आर्थिक वर्षात जातो आणि लेखापरीक्षणात सापडतो.

व्याजाचे एक उदाहरण हाताने सोडवून पाहा. ५०,००० रुपये, दर ९ टक्के, ९१ दिवस. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर व्याज १,१२१ रुपये ९२ पैसे; ३६६ धरले तर १,११८ रुपये ८५ पैसे. २०२८ हे लीप वर्ष येईल तेव्हा तुमचा कोड कुठला भाजक धरतो? ठेव ठेवल्याचा दिवस आणि परतीचा दिवस, दोन्ही मोजतो की एकच? एका दिवसाला इथे १२ रुपये ३३ पैसे पडतात. याची उत्तरे संस्थेच्या नियमांतून येतात, प्रोग्रॅमरच्या मनातून नव्हे. ती मिळाली की प्रत्येकाची एकेक चाचणी, म्हणजे कोडचे उत्तर ठरलेल्या आकड्याशी ताडणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावी: साधा दिवस, २९ फेब्रुवारी, ३१ जानेवारीत एक महिना मिळवणे, शून्य दिवस, ३१ मार्च ओलांडणारी ठेव. आकडे आधी कागदावर सचिवांसमोर ठरवावेत आणि मग चाचणीत घालावेत. कोड चालवून जो आकडा आला तोच चाचणीत ‘अपेक्षित’ म्हणून चिकटवला, तर ती चाचणी चुकीलाच कुलूप लावते. नंतर गिऱ्हाइकाकडून प्रत्येक नवी तक्रार आली की ती दाखवणारी चाचणी आधी लिहावी, ती नापास होताना पाहावी, मगच दुरुस्ती करावी.

पिग्मीच्या, म्हणजे दारोदारी गोळा होणाऱ्या रोजच्या ठेवीच्या, यंत्राचाही प्रश्न असाच. एजंट संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी चढवतो, मध्येच नेटवर्क जाते, तो पुन्हा बटण दाबतो आणि निम्म्या खातेदारांच्या खात्यात रक्कम दोनदा जमा होते. एजंटाला ‘दोनदा दाबू नका’ सांगणे हा उपाय नाही. प्रत्येक पावतीला यंत्रातच न बदलणारा वेगळा क्रमांक द्यावा आणि टेबलात त्या क्रमांकावर ‘युनिक’ बंधन घालावे. दुसऱ्यांदा आलेली नोंद डेटाबेसच नाकारेल. तसेच जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या एका अखंड व्यवहारात, लिहाव्यात. वीज गेली तर दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील, एकच बाजू लटकणार नाही.

दुसऱ्याने कोड वाचणे ही सवय इथल्या छोट्या कार्यालयांत जवळजवळ नाहीच. तीन माणसांच्या कार्यालयातही ती लावता येते. बदल दोनशे-तीनशे ओळींच्या आत ठेवावा. त्यापुढे वाचणारा फक्त माना डोलावतो. फाँट, मोकळ्या जागा, ओळींची रचना हे सगळे यंत्राकडून तपासून घ्यावे आणि माणसाने हिशेब, सीमारेषेवरची प्रकरणे, चूक झाली तर काय होते, एवढेच पाहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहिलेल्या कोडला तर ही तपासणी अधिकच लागते. तो दिसायला नीटनेटका असतो आणि नियम मात्र कुठल्या तरी सर्वसाधारण उदाहरणाचा उचलतो. आपल्या संस्थेच्या पोटनियमांचा त्याला पत्ता नसतो. जी ओळ स्वतःला समजावून सांगता येत नाही ती आत घेऊ नये, मग ती कुणीही लिहिलेली असो.

तक्रार नोंदवणे हेही कौशल्यच आहे. ‘चालत नाही’ असा फोन येतो आणि प्रोग्रॅमर तिथेच अंदाज बांधायला लागतो. त्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात: कोणत्या वेळी, कोणत्या पावती किंवा खाते क्रमांकावर, काय केल्यावर, आणि काय यायला हवे होते त्याऐवजी काय आले. पडद्याचे छायाचित्र पूर्ण मागवावे, संदेशाचा अर्धा तुकडा नव्हे. फोन ठेवल्यावर हे लिहून क्रमांक द्यावा. व्हॉट्सॲपच्या गटात आलेली तक्रार संध्याकाळच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, आणि तो सांगलीकरांना वेगळा समजावण्याची गरज पडू नये. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचे पाणी शहरात शिरले. तरीही सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात, ही मांडणी अजून दिसते. जगभर चालणारा नियम असा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. आपल्यासाठी वेगळे ठिकाण म्हणजे पूररेषेच्या बाहेर: विटा, जत, पुणे किंवा क्लाउड, आणि पाठवण्याआधी कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत धरू नये; खंडणीखोर व्हायरस तिलाही सोबत कुलूप लावतो. रोज त्याच नावाने जुन्या प्रतीवर नवी प्रत लिहिली तर बिघडलेली माहिती चांगल्या प्रतीला पुसते. म्हणून सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

पण घेतलेला बॅकअप उघडून पाहिला नसेल तर तो आहे असे म्हणता येत नाही. डिस्क भरली की रात्रीचा प्रोग्रॅम शून्य केबीची फाइल बनवून मुकाट्याने संपतो. गिटलॅब ही तर गिटवरचा कोड सांभाळणारी, या क्षेत्रातलीच मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली. तेव्हा कळले की रात्रीचा बॅकअप प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हता आणि तसे सांगणारे ई-मेलही नाकारले जात होते. हाताने घेतलेली एक प्रत योगायोगाने होती म्हणून बहुतेक वाचले, तरी सुमारे सहा तासांची माहिती गेली. हे सगळे कंपनीने स्वतःच जाहीर केले, आणि कुणा एकाला दोषी न ठरवता कारणे लिहिली, हेही शिकण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर बॅकअप उभा करावा, खात्यांची संख्या, शेवटचा पावती क्रमांक आणि तेरजेची बेरीज मूळ सर्व्हरशी जुळवावी, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. तो वेळ म्हणजेच उद्या काउंटर बंद राहण्याचा वेळ.

नवी आवृत्ती चढवतानाही अशीच काळजी हवी. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २०१२ मध्ये आठ सर्व्हरपैकी सातच बदलले, आठव्यावर जुना कोड राहिला, आणि १ ऑगस्टच्या सकाळी पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. आपल्याकडे दहा शाखा असतील तर नऊ शाखांत नवी आणि एका शाखेत जुनी आवृत्ती हे अगदी शक्य आहे. प्रत्येक पडद्याच्या तळाशी आवृत्ती क्रमांक दाखवावा, आधी एका शाखेत चालवावे, मागे फिरण्याची आज्ञा आधीच लिहून तपासावी. ३१ मार्चच्या आठवड्यात किंवा बिलाच्या आदल्या दिवशी काहीही चढवू नये.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, वापरकर्त्याचा मजकूर जोडू नये; आज्ञा आणि मजकूर वेगळे पाठवणारे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे. पासवर्ड बीक्रिप्टसारख्या पद्धतीने साठवावा, एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या पद्धतीने नव्हे. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे लॉगिन द्यावे. आधारचे शेवटचे चार अंकच दाखवावेत. खातेदारांची खरी माहिती चाचणीसाठी स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय घडले त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. आपला सर्व्हर लॉग किती दिवसांनी पुसतो ते आजच पाहावे.

या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती मागणी. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत ठरवता येईल की अंतिम वर्षाच्या प्रकल्पातले किमान वीस टक्के गुण गिटचा इतिहास, चाचण्या आणि दुसऱ्या गटाने केलेल्या कोडतपासणीसाठी राहतील. मार्गदर्शक प्राध्यापकांना इतिहास चाळून पंधरा मिनिटांत कळते की चौघांपैकी काम कुणी केले. प्रकल्पाचा विषय जवळच्या दूध संस्थेचा किंवा पतसंस्थेचा असावा, म्हणजे वर सांगितलेली नावे, पैसे आणि तारखा आपोआप वाट्याला येतील.

आणि संस्थांच्या संचालकांनी सॉफ्टवेअरचे शेवटचे बिल देण्याआधी दोन गोष्टी समोर करून घ्याव्यात: रिकाम्या मशिनवर कालचा बॅकअप उभा करून दाखवणे, आणि हे काम न केलेल्या दुसऱ्या माणसाने फक्त लेखी सूचना वाचून सॉफ्टवेअर बसवून दाखवणे. मूळ कोड आणि माहिती कुणाच्या मालकीची, पुरवठादाराचा व्यवसाय बंद झाला तर ती कोणत्या स्वरूपात मिळणार, हे करारात लिहून घ्यावे. हे न जमणाऱ्या पुरवठादाराला मुदत द्यावी, पण तोवर शेवटचा हप्ता थांबवावा.

आपला,
सॉफ्टवेअर व्यवसायातील एक वाचक,
विश्रामबाग, सांगली